हवापालटाचं घर

मला एका जागी बसवत नाही. कुणाकडे गेले की लोक म्हणतात, "अहो, टेका जरा." मी टेकते आणि लगेच उठते. खिडकीचं दार लोटते, कुणाचं तरी भांडं सरळ करते, दारात जाऊन रस्ता बघून येते. सुनांना वाटतं, म्हातारपणी माणसाचं असं होतं. म्हातारपणाचा काही संबंध नाही. मी परकरात होते तेव्हाही अशीच होते, आणि ही खोड मला आमच्या घराने लावली.

ते घर अलिबागच्या बाहेर, नागावकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कचेरीत कारकून. लग्न झाल्यापासून ते आणि आई गावातल्या एका आळीत दोन अंधाऱ्या खोल्यांत भाड्याने राहिलेले. त्यामुळे गावाबाहेर, मोकळ्यावर, मंगळुरी कौलांचं आणि काळ्या दगडाच्या जोत्याचं स्वतःचं घर उभं राहिलं, तेव्हा ते अगदी हरखून गेले. लोक त्याला बंगली म्हणत. आता असं घर असल्यावर त्रास कसला, असं कुणीही विचारील. त्रास असा की त्या एका घरात आम्ही वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवत असू.

दिवाळी आटोपली की मुंबईची माणसं हवापालटाला यायची. घराचा पुढचा भाग, म्हणजे ओटी, वडील जिला हॉल म्हणत ती मोठी खोली आणि तिच्या बाजूची निजायची खोली, हे सगळं त्यांना द्यायचं. आम्ही माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी यात मावून घ्यायचं. समुद्र खवळायच्या आत ती माणसं परत गेली की आम्ही पुढे पसरायचो. अंथरुणं मागे, अंथरुणं पुढे. आरसा मागे, आरसा पुढे. देव तेवढे जागचे हलत नसत. सकाळी डोळे उघडले की मी आधी भिंत कुठे आहे ते चाचपायची आणि मग उठायची. मागे निजलेली असले तर भिंत उजवीकडे, पुढे निजलेली असले तर डावीकडे. चुकलं की डोकं आपटायचं. माझं फार वेळा आपटलं.

भाडं आलेलं कुणाला नको असतं? पण वडील घर द्यायचे ते त्यासाठी नव्हे. त्यांना दाद हवी असायची. आपलं घर आपणच बघून त्यांचं पोट भरत नसे. कुणीतरी परक्याने, शक्यतो मुंबईच्या माणसाने, ओटीवर उभं राहून छाती भरून श्वास घ्यावा आणि म्हणावं, वा, काय जागा आहे! तेवढ्यासाठी आम्ही सगळे पडवीत.

जागा बघायला कुणी आलं की ते फाटकापासूनच सुरुवात करत.

"आधी हवा बघा. समोर सुरूचं बन, त्यातून गाळून येते. छातीला अशी हवा दुसरी नाही. विहीर घरची, बारमाही, पाणी गोडं. डॉक्टर? ते काय, हाक मारली तर ओ देतील. पोष्टाची पेटी त्या वळणावर. रेवस बंदराची मोटर आपल्या फाटकाशी थांबते, ड्रायव्हर ओळखीचा आहे. पाववाला सकाळी दारात, मासळी मागच्या दारी. मुलींची शाळा, वाचनालय, देऊळ, पिठाची गिरणी, सगळं जवळ. आणि रात्री कंदील घ्यायला नको. म्युनिसिपालिटीचा दिवा आपल्या कोपऱ्यावर. शेवटचा दिवा! त्याच्यापुढं नुसता अंधार."

हे शेवटचं ते अशा काही ऐटीत म्हणत की अंधारसुद्धा त्यांनीच मांडून ठेवलाय असं वाटावं. यातलं खोटं काही नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. वारा आमच्याकडून असला आणि डॉक्टर पत्ते खेळायला गेलेले नसले तर हाक पोचायची. मोटर थांबायची, पण ड्रायव्हरच्या मनात आलं तर. दिवेवाल्याला पायपीट नको असली की शेवटचा दिवा तसाच राहायचा. मुलींची शाळा मात्र खरोखर जवळ होती. मला वाटायचं, ती आणखी लांब असती तर बरं झालं असतं. निदान घरातून जास्त वेळ बाहेर तरी राहता आलं असतं.

माझ्याहून मोठी एक बहीण होती. तिला मी ताई म्हणायची. ताईला त्या घराची माया होती, मला नव्हती. हे मी आज सांगते असं नाही, तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. कौल कुठलं सरकलंय ते ती थेंबाच्या आवाजावरून सांगायची. पुढे बिऱ्हाड असलं तरी पहाटे गुपचूप जाऊन पुढचं अंगण सारवून यायची. एकदा मुंबईच्या एका बाईंनी तिला कामाची पोर समजून ओटीही झाडायला सांगितली. ताईने झाडली. मी पडवीतून ओरडायला निघाले, तर आईने माझा दंड धरला. ताई आत येऊन म्हणाली, "झाडायची होतीच. आपलीच तर आहे." मला तिचा असा संताप आला की मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

सुरुवातीला यायची ती धडधाकट माणसं. कुणी बाळंतपणातून उठलेली, कुणी परीक्षा देऊन दमलेला. पण "छातीला चांगली, छातीला चांगली" असं वडील इतक्यांना सांगत सुटले की पुढेपुढे छातीचीच माणसं येऊ लागली. आईने त्यांची भांडी वेगळी केली. ती गेली की खोल्या सोड्याने धुऊन काढायची, गाद्या उन्हात टाकायची. एका साली एक गृहस्थ रेवसच्या मोटरीतून आले ते उतरलेच नाहीत, त्यांना उतरवावं लागलं. फाटकापासून आतपर्यंत डोलीत घालून आणलं. सगळा हिवाळा त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकला आम्ही. खोकला थांबला की मी श्वास धरून पडून राहायची, पुन्हा सुरू होईपर्यंत. पण खरोखरच ते सुधारले. वैशाखात आपल्या पायांनी चालत मोटरीत जाऊन बसले आणि बसण्याआधी वडिलांच्या पाया पडले. वडील तेव्हापासून जमिनीवर राहिले नाहीत. कचेरीत, देवळात, न्हाव्यापुढे, सगळ्यांना तेच ऐकवायचे. डोलीतून आले, पायांनी गेले.

मासळी घेऊन मागच्या दारी येणारी कोळीण एक दिवस टोपली उतरवता उतरवता आईला म्हणाली, "बाय, तुमच्या घरान खोकला लय हाय गो."

"कोण म्हणतं?"

"समदी बोलतान. मी न्हाय बोलत. मी आपली मासळी इकतंय."

आईने संध्याकाळी हे वडिलांच्या कानावर घातलं. ते हसले. म्हणाले, "खोकला ऐकू येतो लोकांना. माणूस बरा होऊन गेला, ते ऐकू येत नाही?"

इकडे ताईला सतरावं सरत आलेलं. दोन ठिकाणी बोलणी लागली आणि काही कारण न कळता थांबली. कारण आईला कळत होतं. तिने त्या वर्षी पाय रोवले. "यंदा बिऱ्हाड नको. पोरीला बघायला माणसं येणार. आली तर बसतील कुठे? पडवीत?" वडिलांनी कुरकुर केली, पण ऐकलं. दोन बिऱ्हाडं त्यांनी परत पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा हिवाळाभर घर आमचं होतं आणि कुणालाच त्यात चैन पडत नव्हतं. आई पुढच्या खोलीत यायची, उभी राहायची आणि परत आत जायची. वडील संध्याकाळी फाटकात उभे राहायचे. रस्त्याने कुणी मुंबईचं दिसलं की मान उंचावायचे, मग खाली घालायचे. चार महिने त्यांना "ही हवा बघा" असं कुणाला म्हणता आलं नव्हतं.

माघात मामाने मुरुडचं स्थळ आणलं. मामा पेणला असायचा, आईचा थोरला भाऊ. मुलगा मुरुडला संस्थानच्या नोकरीत, घर चांगलं, माणसं मोजकी. बघायला आले ते मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. आत्याबाई विधवा, घरात त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्याबरोबर मुलाच्या थोरल्या भावाचं एक लहान पोर होतं. ते प्रवासाने पेंगुळलं होतं. आईने त्याला हॉलमधल्या पलंगावर निजवलं आणि अंगावर पांघरूण घातलं.

सगळं छान चाललं होतं. आत्याबाईंनी ताईला चार प्रश्न विचारले, ताईने चार उत्तरं दिली. मुलगा खाली बघत होता, आणि खाली बघता बघता वर बघत होता. ताई आत आली तेव्हा तिचे कान तापलेले होते. मी विचारलं, "कसा आहे?" ती म्हणाली, "चूप." पण ते चूप चांगलं होतं.

मग मुलाचे वडील नुसतं बोलायचं म्हणून म्हणाले, "घर छान बांधलंय हो तुम्ही. हवेशीर आहे."

झालं. चार महिने तुंबलेलं एकदम सुटलं. माजघराच्या दाराआडून मला वडिलांचा चेहरा दिसत होता. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा कधी पाहिला नाही. हवा झाली, विहीर झाली, पोष्टाची पेटी झाली. आई आतून हातातली पळी ताटावर वाजवत होती, म्हणजे त्यांनी आवरावं. ते कसले आवरतात! डॉक्टर इतके जवळ आहेत, म्हणाले, की रात्री-अपरात्री कधीही बोलवा. आत्याबाईंनी विचारलं, "रात्री-अपरात्री कशाला लागतात डॉक्टर?"

"आम्हाला नव्हे हो! हवापालटाला येतात ना माणसं. अहो, काय सांगू तुम्हाला, गेल्या खेपेला एक गृहस्थ डोलीतून आले, डोलीतून! आणि जाताना आपल्या पायांनी चालत गेले."

"काय होत होतं त्यांना?"

वडिलांना खोटं बोलता येत नसे. थोडं अडखळले आणि म्हणाले, "छातीचंच."

"आणि निजायला कुठे होते ते?"

वडिलांनी पलंगाकडे बघितलं. आत्याबाई उठल्या, पलंगावरचं झोपलेलं पोर त्यांनी पांघरुणासकट उचललं, मग पांघरूण तिथेच टाकलं आणि पोराला घेऊन ओटीवर जाऊन उभ्या राहिल्या. पोर रडायला लागलं. ताई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्या हाताचं मनगट धरलं आणि ती माणसं फाटकाबाहेर जाईपर्यंत सोडलं नाही. मला दुखत होतं, पण मी हात सोडवून घेतला नाही.

वडिलांना आपण काय करून बसलो ते त्या रात्री जेवताना कळलं. तोवर ते म्हणत होते, "पण माणूस बरा झाला ना? मी वाईट काय सांगितलं?" आई बोलत नसली की घरात चालायचीसुद्धा भीती वाटायची.

आम्हाला वाटलं, हेही स्थळ गेलं. पण थोड्याच दिवसांत मामा पेणहून आला. पाणीसुद्धा न घेता म्हणाला, "मुलगी पसंत आहे. मुलाला, बापाला आणि आत्यालासुद्धा. घर पसंत नाही."

"म्हणजे?" वडील म्हणाले.

"म्हणजे लग्न या घरात नको. आणि पुढेही मुलगी माहेरी येईल ती या घरात यायची नाही. आज ती आली, उद्या तिची मुलं येतील. तेव्हा तिने या घरात पाऊल टाकायचं नाही, हे आधी कबूल करा, मग सुपारी फोडू असं म्हणतात. मी त्यांना सांगितलंय, माहेरपण माझ्याकडे करू. पेण काही परकं नाही."

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझे पाय वळवळतात. कुणी बसतच नव्हतं. वडिलांनी सगळ्या खोल्यांत गंधकाचा धूर केला, आम्ही डोळे पुसत अंगणात. मग भिंतींना चुना काढला, आम्ही पुन्हा अंगणात. मग ते डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, तुम्ही मुरुडकरांना सांगा, घरात आता काही राहिलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "सांगतो की. पण लोक माझं औषध घेतात, शब्द घेत नाहीत." त्यांनी सांगून पाठवलं, आणि मुरुडकरांनी तो शब्द घेतला नाही.

वडील एकदा म्हणायचे, असल्या माणसांत पोर द्यायचीच नाही. पुन्हा म्हणायचे, दुसरं स्थळ येईल. आई म्हणाली, "कुठून येईल? तुम्ही सगळ्या जिल्ह्याला सांगून ठेवलंय." आत्याबाईंचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही. मी स्वतः तो खोकला हिवाळाभर ऐकला होता.

ताईला कुणी विचारलं नव्हतं. शेवटी मीच विचारलं. ती म्हणाली, "अण्णा नाही म्हणाले तर मी काही बोलणार नाही. हो म्हणाले तरी काही बोलणार नाही."

"पण तुला तो आवडलाय."

"आवडलाय."

"आणि घर?"

ती मागच्या दारी गेली. मी मागोमाग गेले तर ती भिंतीला कपाळ टेकून रडत होती. मला काय करावं ते कळेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मला त्या घराचा तेव्हा इतका राग आला की ते पेटवून द्यावं असं वाटलं. त्याच्यापायी आम्ही सगळे कधी धड बसलो नाही, आणि आता ते तिला जाऊही देत नव्हतं.

गुंता आईने सोडवला. एका संध्याकाळी वडील कचेरीतून आले, कोट खुंटीला लावला, आणि ती म्हणाली, "माझी लेक भावाच्या दारात जाऊन माहेरपण मागणार नाही. तिला आईबापाचं घर हवं. या घरात तिला यायची बंदी आहे ना? मग आपण या घरात राहायचं नाही. गावात जागा बघा."

"मी भाड्याने राहू? स्वतःचं घर असताना?"

"दर दिवाळीनंतर पडवीत राहतो, ते काय असतं?"

वडील ओटीवर जाऊन उभे राहिले. दिवेवाला येऊन कोपऱ्यावरचा दिवा लावून गेला तरी ते तसेच. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांची दयाही येत होती. दोन्ही एकदम येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते कचेरीतून उशिरा आले आणि आईकडे न बघता म्हणाले, "जुन्या आळीत जागा बघून आलो."

फाल्गुनात आम्ही बिऱ्हाड हलवलं. या खेपेला देवसुद्धा हलले. आळीतल्या त्या खोल्यांना समोर भिंत, मागे भिंत. पाणी सामाईक विहिरीचं, त्यावरून रोज भांडणं. कुठलीच सोय जवळ नव्हती असं मी म्हणणार नाही, उलट सगळं फार जवळ होतं. शेजारच्यांची फोडणीसुद्धा आमच्याच घरात पडल्यासारखी वाटायची. वैशाखात आळीत मांडव घालून ताईचं लग्न झालं. आत्याबाई आल्या, सगळं बघितलं, वाकून दोन्ही खोल्या बघितल्या, आणि जेवून तृप्त होऊन गेल्या. वडिलांनी कुणालाही काहीही दाखवलं नाही. त्यांना आता कुणी काही विचारलं तरी ते दोन शब्दांत उत्तर देत.

बंगली रिकामी ठेवता येईना. कौलं बघायला माणूस हवा, वाळवी लागते. पाऊस संपल्यावर मुंबईचं एक कुटुंब जागा मागायला आलं. त्यांची मुलगी आजारी होती. वडील नको म्हणत होते. आई म्हणाली, "नाव व्हायचं ते झालं. आता ज्यांना कुणी दारात उभं करत नाही, त्यांना तरी मिळू दे." सबंध घर त्यांना दिलं, पडवीसुद्धा.

दिवाळसणाला ताई आणि मेव्हणे आले. पाडवा झाल्यावर मेव्हणे परत गेले, ताई मागे राहिली. तिला तिकडे सुख होतं, हे सांगितलं पाहिजे. अंगाने भरली होती, हसत होती. पण दोन अंधाऱ्या खोल्यांत तिला काही सुचत नव्हतं. सारखी दाराशी जायची, परत यायची. आईने विचारलं तर म्हणायची, "कुठे काय?" पहिल्यांदाच ती माझ्यासारखी वागत होती आणि मला ते आवडलं नाही.

एका दुपारी ती मला म्हणाली, "चल, जरा फिरून येऊ." कुठे, ते मी विचारलं नाही. आम्ही गावाबाहेर पडलो आणि नागावच्या रस्त्याला लागलो. ती भराभर चालत होती. घर दिसायला लागलं तशी मंदावली. फाटकापाशी येऊन तिने दोन्ही हात फाटकाच्या दांडीवर ठेवले आणि उभी राहिली. अंगण कुणी सारवलेलं नव्हतं. कौलाच्या एका कोपऱ्याला गवत उगवलं होतं. ती ते बघत होती.

ओटीवर आरामखुर्चीत शाल पांघरून एक मुलगी बसलेली होती. ताईच्याच वयाची असेल. गाल बसलेले, डोळे मोठे. ती सावरून बसली.

"कोण हवंय?"

"कुणी नाही," ताई म्हणाली. "असंच चाललो होतो."

"मग या ना. आई झोपलीय, पण मी आहे. बसा थोडा वेळ." ती उठून ओटीच्या पायरीपर्यंत आली होती. "इथे कुणी येतच नाही. फाटकापर्यंत येतात आणि पुढे जातात. घर छान आहे हो आतून. मी दाखवते तुम्हाला सगळं."

ताईचे हात दांडीवर होते. कडी काढायला काहीच लागलं नसतं. मी तिच्याकडे बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, तू काय दाखवतेस तिला, तिचं आहे ते घर!

"तुम्ही इथल्याच का?" मुलीने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "मी मुरुडची."

"अगं बाई, केवढ्या लांबून! मग पाणी तरी घ्या. थांबा हं." आणि आम्ही काही म्हणायच्या आत ती आत गेली. जाताना दाराला धरून थांबली, खोकली, आणि मग गेली.

मी ताईचा पदर ओढला. म्हटलं, "चल, जाऊ या. ताई, ती आजारी आहे. आत्याबाईंना कळलं तर?" ताई हलली नाही. मला खरोखर भीती वाटत होती. पुढे ताईला काही झालं नाही, ती उदंड जगली, हे आज मला ठाऊक आहे. त्या दुपारी ठाऊक नव्हतं, आणि तिलाही ठाऊक नव्हतं.

मुलगी तांब्या आणि फुलपात्र घेऊन हळूहळू अंगणातून आली. फाटकापासून थोड्या अंतरावर थांबली. फुलपात्र जमिनीवर ठेवावं की हातात द्यावं हे तिला कळेना असं दिसलं. लोक तिच्या हातून काही घेत नसावेत. ताईने फाटकावरून हात पुढे केला. मुलगी पुढे आली आणि तिने फुलपात्र तिच्या हातात दिलं. ताईने ते तोंडाला लावलं आणि सगळं पाणी प्यायली. फाटकाच्या बाहेर उभी राहून, एक पाऊलही आत न टाकता.

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिने तांब्या किंचित उचलला.

"आणखी देऊ?"

"दे," ताई म्हणाली.